चित्रांची चार पानं

(वार्षिक बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं आवरून लिहिलेलं.)



मला विषय दिलाय, 'वर्षभरात आवडलेली पुस्तकं'. दर वर्षी या बैठकीत कुणीतरी यावर बोलतं. कवितासंग्रह, आत्मकथन, एखादं वैचारिक पुस्तक. मी कविता करतो, म्हणून मी कवितेवर बोलणार असं सगळ्यांनी धरून चाललंय. पण मी आज चित्रांच्या पुस्तकांवर बोलणार आहे. त्याला कारण आहे. संपादक मंडळापुढं ठराव आलाय की कागद महागलाय, तेव्हा अंकातली चित्रांची चार पानं काढून टाकावीत आणि ती कवितांना द्यावीत. ठराव मांडणारे माझेच दोस्त आहेत, चांगले कवी आहेत. त्या चार पानांत माझीही एखादी कविता बसंल. तरी मी ठरावाच्या विरोधात आहे. का, ते पुस्तकं समोर ठेवून सांगतो.

आधी एक खुलासा. वर्षभरात आवडलेली म्हणजे या वर्षी छापलेली नव्हेत. जाड कागदाचं, रंगीत छपाईचं पुस्तक निघालं की ते पहिल्यांदा दिवाणखान्यात जातं, मग लायब्ररीत, मग रद्दीत किंवा फुटपाथवर, आणि मग आपल्या हातात येतं. दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. तेव्हा मी जी पुस्तकं या वर्षी पाहिली, मागून आणली, पाळी संपल्यावर डोळे ताणून वाचली, ती माझी या वर्षाची पुस्तकं. बहुतेक इंग्रजीत आहेत. मी मॅट्रिक. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. पण चित्रांना डिक्शनरी लागली नाही, आणि माझं आजचं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

चित्र म्हणजे पोट भरलेल्यांचा शौक, असं आपल्यातले कैक जण मानतात. त्यांना दोष देता येत नाही. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जायला पैसे पडत नाहीत. तरी आपला माणूस आत जात नाही. कुणी अडवत नाही, पण पायच उचलत नाही. आतली शांतताच अशी असते की आपल्या चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

पण गोदीत या. गोदीत माल जगभरातून येतो. खोक्यावर चिनी लिहिलेलं असतं, रशियन असतं, अरबी असतं. आमच्या टोळीत कोण चिनी शिकलाय? पण खोक्यावर चित्र असतं. पेला काढला असंल तर आत फुटणारं आहे. छत्री असंल तर पाण्यापासून सांभाळायचं. दोन बाण असतील तर ती बाजू वर. आणि आकड्यावर फुली मारली असंल तर हुक लावायचा नाही. ही चित्रं वाचता आली नाहीत तर माल फुटतो, आणि वेळ वाईट असली तर माणूसही खाली सापडतो. म्हणजे ज्याला बाराखडी कुणी शिकू दिली नाही तो माणूस दिवसभर चित्रं वाचतच असतो. मालकाचा माल सांभाळण्यासाठी त्याला चित्रांची भाषा शिकवली गेली. त्याचं दुःख, त्याचा इतिहास सांगण्यासाठी मात्र ती कुणी वापरली नाही. का नाही वापरली, हा सवाल आहे.

आता पुस्तकांकडं येतो.

पहिलं 'भीमायन'. दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनानं २०११ साली काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे नवरा-बायको मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, बाणा हे तंतुवाद्य वाजवून कुळांच्या कथा सांगणारे. गाणं सांगणाऱ्यांच्या जमातीनं बाबासाहेबांची कथा भिंतीवरच्या चित्रांच्या भाषेत सांगितली आहे.

गोष्टी आपल्याला पाठ आहेत. १९०१ साली भाऊ-भाच्यांबरोबर गोरेगावला निघालेला लहान भीम, मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, पाण्यावाचून काढलेली रात्र. १९१७ साली बडोद्यात पारशी खानावळीतून हाकलणं. १९२७ चं महाड. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यानं महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला, म्हणून आपल्याच एका माणसानं लगाम धरला, त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता, आणि बाबासाहेब दगडावर आपटून पाय मोडून बसले. १९३४ चा दौलताबादचा किल्ला. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवलंय. पुस्तकाचे तीन मुख्य भाग: पाणी, निवारा, प्रवास. म्हणजे माणसाला जगायला जे लागतं तेच, आणि आपल्याला जे नाकारलं तेही तेच.

मग नवीन काय? बघा. कॉमिकमध्ये पानावर चौकटी असतात. व्याम नवरा-बायकोनं चौकटी नाकारल्या. माणसाला खोक्यात बंद करून गोष्ट सांगायची नाही, आपली चित्रकला खुली आहे, तिच्यात सगळ्यांना श्वास घ्यायला जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. चौकटीच्या जागी त्यांनी 'दिगना' वापरला. घर सारवल्यावर भिंतीवर, अंगणात बाया जी नक्षी काढतात ती. ती पानातून वाटेसारखी वळत जाते आणि गोष्टीचे भाग पाडते. अस्पृश्यतेची गोष्ट चौकटीत बसवली असती तर पुन्हा तेच झालं असतं. ही तुझी हद्द, ही आमची.

दुसरं, बोलण्याचे फुगे. साधं, माणुसकीचं बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात. विटाळाची, हाकलून देण्याची भाषा विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. आणि मनातला विचार असंल तर फुग्याला डोळा काढलाय. मनाचा डोळा. मित्रांनो, आपण तीस-तीस ओळींच्या कविता लिहितो की त्यांचे शब्द आम्हांला डसले. या बाईनं एक नांगी काढली आणि प्रश्न मिटवला. वाचता न येणाऱ्यालाही कळतं की हा फुगा विषारी आहे. आगगाडी सापासारखी पानावरून सरपटते. तहानलेला भीम स्वतःच मासा होऊन जातो. पाण्यासाठी तडफडणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला आणखी काय पाहिजे?

गोष्ट सुरू होते ती आजच्या शहरात, बस स्टॉपवर. एक जण राखीव जागांवर करवादतोय आणि दुसरी त्याला बाबासाहेबांची हकीकत सांगते. मध्ये वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी आहे. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. भूतकाळाची पुजा बांधून मोकळं व्हायची सोयच ठेवलेली नाही.

माझी तक्रारही आहे. नावाशी. 'भीमायन' का? ज्या रामायणात शंबुकाचं मुंडकं उडवलं, त्याची शेपटी बाबासाहेबांच्या नावाला कशासाठी? बुकस्टॉलवर ओळखीचं वाटावं म्हणून असंल. मला ते मान्य नाही, आणि पुस्तक आवडलं म्हणून हे बोलायचं टाळणं बरोबर नाही. पण दुर्गाबाईंचं काम नावाच्या पलीकडं गेलंय. ही बाई शाळेत गेलेली नाही, पुढं २०२२ साली तिला पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचं मला कौतुक नाही. कौतुक याचं आहे की आदिवासी बाईनं आपला बाबासाहेब आपल्या हातानं काढला. कोट-टायच्या पुतळ्याची नक्कल केली नाही.

आता याच्या उलट बाजूचं पुस्तक. 'नो लाफिंग मॅटर'. उन्नामती स्याम सुंदर या दलित व्यंगचित्रकारानं आणि संशोधकानं १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत बाबासाहेबांवर आलेली व्यंगचित्रं शोधून काढली. शंभरावर आहेत. तीही 'नवयान'नंच २०१९ साली छापली. शंकर, अन्वर अहमद, आर. के. लक्ष्मण, असे त्या काळचे नावाजलेले हात.

हे पुस्तक का जन्मलं ते आठवा. २०१२ साली अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकरचं १९४९ च्या ऑगस्टमधलं चित्र. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब चाबूक घेऊन बसलेत, मागं नेहरू चाबूक उगारून उभे, आणि पब्लिक बघतंय. तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी आपल्याला शिकवलं की तुम्हांला विनोद कळत नाही, व्यंगचित्र वाचता येत नाही, तुम्ही भावनेच्या आहारी जाता. स्याम सुंदरनं भाषण केलं नाही. तो जुनी वर्तमानपत्रं उपसत बसला. आणि शंभर चित्रं ओळीनं मांडून म्हणाला, आता हसा.

एक चित्र बघितलं तर विनोद वाटतो. शंभर बघितली की रोग कळतो. जो माणूस जगातल्या नामांकित विद्यापीठांतून शिकून आला, जो मजूरमंत्री झाला, ज्यानं घटनेचा मसुदा हातावेगळा केला, तो चित्रात कधी लहान पोर, कधी बाई, कधी गांधी-नेहरूंच्या कमरेइतका बुटका. बाई दाखवणं म्हणजे हिणवणं, हाही एक रोगच. एका फटक्यात दलितांचाही अपमान आणि बायांचाही. आणि त्या गोगलगायीचं म्हणाल तर चित्र छापलं २८ ऑगस्ट १९४९ ला, आणि घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला. तीन महिन्यांच्या आत गोगलगाय मुक्कामाला पोचली. चाबूक उगारणारे हात कुठं गेले ते इतिहासाला विचारा.

मी म्हणत नाही चित्र जाळा. स्याम सुंदरनं जाळलं नाही, छापलं. शेजारी तारीख लिहिली, त्या वेळी काय घडत होतं ते लिहिलं. शिव्या देणाऱ्याच्या तोंडासमोर आरसा धरायचा तर आधी ते तोंड नीट बघावं लागतं. या पुस्तकातून मी एवढं शिकलो की आपण आपली चित्रं काढली नाहीत तर दुसरे काढतात. जागा रिकामी राहत नाही. आपल्या अंकातली चार पानं आपण सोडली तर आपलं चित्र कुठंतरी निघणारच आहे, फक्त पेन्सिल त्यांच्या हातात असंल.

तिसऱ्यावर थोडक्यात. 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. श्रीविद्या नटराजन यांचा मजकूर, अपराजिता निनान यांची काळी-पांढरी चित्रं, हेही २०११ चं. जोतीरावांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं. जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. हे चित्रकर्तीनं पकडलंय. इथला शूद्र-अतिशूद्र आणि तिथला काळा गुलाम तिनं शेजारी शेजारी आणलाय. सावित्रीबाई आणि जोतीराव दोघंही रागात आहेत, हसतात, हिंडतात. फोटोत मान ताठ करून बसलेले जोतीराव बघून आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवायला निघालो होतो. या पुस्तकानं त्यांना पुन्हा रस्त्यावर आणलं. चित्रं काही ठिकाणी गर्दीची झालीत, डोळा कुठं ठेवावा कळत नाही. पण शाई आणि कागद, एवढ्यावर झालेलं काम आहे. रंग नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता मी ज्याच्यासाठी आज उभा राहिलो ते. 'हंग्री बेंगॉल'. उपाशी बंगाल. चित्तप्रसाद नावाचा चित्रकार, जन्म १९१५. आडनाव भट्टाचार्य, पण ते बामणी आडनाव त्यानं टाकून दिलं आणि आयुष्यभर नुसतं चित्तप्रसाद राहिला. नावातून जात काढायला किती जणांची छाती होते, ते आजूबाजूला बघा.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ. पाऊस नव्हता म्हणून पडलेला दुष्काळ नव्हे. लढाई चालू, जपानी येतील म्हणून सरकारनं किनाऱ्यावरच्या नावा काढून घेतल्या, तांदूळ उचलला, व्यापाऱ्यांनी दाबून ठेवला, भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले. सरकारी चौकशी आयोगानंच १५ लाख मेले असं मान्य केलं. नंतरच्या अभ्यासकांचा आकडा ३० लाखांच्या आसपास जातो. मेले कोण? बिनजमिनीचे शेतमजूर, कोळी, नावाडी. म्हणजे धान्य पिकवणारे, मासे धरणारे आणि वाहणारे. खाणाऱ्या घरातलं कुणी मेलं नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडला. हातात कागद, शाई, ब्रश. समोर पडलेला माणूस काढायचा, आणि जमेल तिथं त्याचं नाव, गाव, त्याच्यावर काय गुदरलं ते लिहायचं. हे मला फार मोठं वाटतं. दुष्काळाचे फोटो आपण जन्मभर बघतोय. हाडं, पोट, डोळे. नाव नसतं. वर्तमानपत्राला आपलं हाड पाहिजे असतं, आपलं नाव नको असतं. चित्तप्रसादच्या पुस्तकात उपाशी माणूस हा 'उपाशी माणूस' नाही. तो अमुक गावचा, अमुक नावाचा, अमुक काम करणारा आहे. मरताना तरी त्याला कुणीतरी नावानं हाक मारली.

पुस्तक छापलं. ५००० प्रती. इंग्रज सरकारनं त्या जप्त केल्या आणि जाळल्या. एक प्रत चित्तप्रसादच्या घरच्यांनी जपून ठेवली. तिच्यावरून दिल्लीच्या 'डॅग' या कलादालनानं २०११ साली जशीच्या तशी प्रत पुन्हा छापली. मी या वर्षी पाहिली ती ही. पातळ पुस्तक आहे. ज्या सरकारकडं तोफा होत्या, त्याला या पातळ पुस्तकाची भीती वाटली. आणि आपल्याच ठरावात लिहिलंय की चित्रांची पानं 'अनावश्यक' आहेत! इंग्रजाला कळलं ते आपल्याला कळंना?

मुंबईच्या पोरांनी हेही ऐका. हा माणूस १९४६ पासून मुंबईत राहिला, अंधेरीत. १९७८ ला वारला. १८ फेब्रुवारी १९४६ ला इथल्या नौदलातल्या पोरांनी बंड केलं, मुंबईतल्या कामगारांनी त्यांच्यासाठी संप करून रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या. त्या बंडावरही त्यानं चित्रं केली. मजुरी करणाऱ्या लहान पोरांवर त्यानं लिनोकटची मालिका केली. पैसा नाही, गॅलरी नाही. गोदीपासून लोकलनं तासाभराच्या वाटेवर असला माणूस राहून गेला, आणि आमच्या गोदीत त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

पाचवं पुस्तक थोडं हसवणारं. 'द लंडन जंगल बुक'. भज्जू श्याम याचं, चेन्नईच्या 'तारा बुक्स'नं २००४ साली काढलं. भज्जूही परधान गोंड, मध्य प्रदेशातल्या पाटनगढ गावचा. भोपाळला येऊन रात्रीचा वॉचमन होता, वायरमनचं काम केलं, मग चुलत्याच्या हाताखाली ब्रश धरला. चुलता म्हणजे जनगढसिंह श्याम, ज्यानं ही भिंतीवरची कला कागदावर आणली. त्याचं नाव जगभर झालं, आणि २००१ साली जपानमध्ये एका संग्रहालयात काम करत असताना त्यानं आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत. कलेचा बाजार आपल्या माणसाला डोक्यावर कसा घेतो आणि एकटा कसा पाडतो, त्याची ही गोष्ट विसरू नका.

तर भज्जूला २००२ साली लंडनच्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला नेलं. दोन महिने तिथं काढले. परत येऊन त्यानं लंडन काढलं. बिग बेनचं घड्याळ त्याला कोंबडा दिसलं, कारण गावाकडं वेळ कोंबडा सांगतो. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. विमान म्हणजे उडणारा हत्ती. रोजची बस म्हणजे इमानी कुत्रा. आणि संध्याकाळ झाली की दारूच्या गुत्त्यात गोळा होणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं! किपलिंग आपल्या मुंबईत जन्मला, त्याचा बाप जे. जे. आर्ट स्कूलमध्ये शिकवायचा. त्यानं 'जंगल बुक'मध्ये सिवनीचं जंगल रंगवलं. तो गोंडांचा मुलूख. आता गोंडाच्या पोरानं त्यांच्या राजधानीचं जंगल करून दाखवलं. त्यात सूड नाही, शिवी नाही. फक्त बघणाऱ्याची जागा बदलली. इतके दिवस ते बघत होते आणि आपण दिसत होतो. आता आपण बघतो, तुम्ही दिसा.

शेवटचं पुस्तक. 'ग्राफिक विटनेस', २००७ चं. बिनशब्दांच्या चार जुन्या चित्रकथा एकत्र केल्यात. त्यातली पहिली बेल्जियमच्या फ्रान्स मासरेलची, १९१८ सालची. २५ लाकडी ठसे. एक शब्द नाही. लग्नाशिवाय पोटुशी राहिलेली बाई, तिला हाकलतात, पोर वाढतं, लहानपणीच कामाला जुंपलं जातं, भाकरी चोरतं, तुरुंगात जातं, मोठं होतं, मजूर होतं, वाचायला लागतं, बाकीच्या मजुरांना घेऊन उभं राहतं, कोर्टापुढं आणतात, गोळ्या घालतात. संपलं.

हे पुस्तक मी गोदीवर नेलं होतं. आमच्या टोळीतले मामा, साठीला आलेले, अंगठेबहाद्दर. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातात दिलं. हात फडक्याला पुसून त्यांनी एक एक पान उलटलं. मी गप्प. पंचवीस पानं झाली. म्हणाले, "कुठल्या गिरणीतला रे ह्यो?" मी म्हटलं, "मामा, गिरणीतला नाही, परदेशातला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा." ते म्हणाले, "मग तिथंबी असंच हाय तर." आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. माझी कविता मामांनी आजवर वाचलेली नाही. वाचून दाखवली तर म्हणतात, चांगली हाय, पण तुझी हाय. मासरेलचं पुस्तक त्यांना स्वतःचं वाटलं. कवी म्हणून मला हे बोचलं, पण बोचलं म्हणून खोटं होत नाही.

मासरेलचं हे पुस्तक १९३३ साली चीनमध्ये शांघायला छापलं गेलं. प्रस्तावना लू शुननं लिहिली. लू शुन म्हणजे चीनचा मोठा लेखक, कथाकार. पण तो नुसत्या कथा लिहीत बसला नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये त्यानं शांघायला तेरा पोरांना जमवून सहा दिवसांचा लाकडी ठशांचा वर्ग घेतला. शिकवणारा जपानी होता, दुभाषाचं काम स्वतः लू शुननं केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या एका तरुण लेखक मित्राला सरकारनं गोळ्या घातल्या होत्या. त्याच्यावर लेख लिहिणं धोक्याचं होतं. लू शुननं मासिकात जर्मन चित्रकर्ती केथे कोल्विट्झचा एक ठसा छापला, आपलं मूल पुढं करणारी आई. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या तेरा पोरांच्या मागून ठसे करणाऱ्यांची एक पिढीच चीनमध्ये उभी राहिली. लू शुनचा हिशोब साधा होता. तेलरंग महाग, कॅनव्हास महाग. लाकूड आणि पोलादी टोचणी स्वस्त. घाईच्या दिवसांत ठसा घाईनं होतो, आणि एका ठशावर शेकडो प्रती निघतात.

आता ठरावावर येतो. कागद महाग आहे, खरं आहे. पण आपल्या चित्रांच्या पानाला पैसा कशात जातो? रंगीत फोटो छापण्यात. ते बंद करा, माझी हरकत नाही. त्या जागी काळ्या शाईचे ठसे छापा. लिनो मिळालं तर लिनो. नाही मिळालं तर चपलेच्या तळव्याचं रबर घ्या. आपल्या वस्तीत चपला शिवणारे आहेत, त्यांच्याकडं रबराचे तुकडे पडलेले असतात आणि रापी असते. ज्या रापीवरून आपल्या बापजाद्यांना जात चिकटवली, त्या रापीनं ठसा कोरा. जिथं कोराल तिथं कागद पांढरा राहतो, जिथं ठेवाल तिथं शाई लागते. अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे सुलटं उमटतं. छापायला मशीन नको. शाई लावा, कागद ठेवा, चमच्याच्या पाठीनं घासा. मी करून बघितलंय, हात काळे होतात, पण आपले हात गोरे होते कधी?

आणि माणसं कुठं शोधायची? जयंतीला बॅनर रंगवणारे पेंटर आपल्या प्रत्येक वस्तीत होते. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश सुकला. कुणी रिक्षा चालवतोय, कुणी घरं रंगवतोय. निळ्या आभाळावर बाबासाहेबांचा चष्मा दोन फटकाऱ्यांत काढणारा हात आज कुणाच्या तरी बाथरूमला चुना मारतोय. त्याला बोलवा. त्याच्या ठशाखाली त्याचं नाव छापा, कवीच्या नावाएवढ्याच टायपात. आणि ज्याचं चित्र काढाल त्याला विचारून त्याचंही नाव लिहा, जसं चित्तप्रसादनं लिहिलं.

वस्तीतल्या वाचनालयांसाठी एक पेटी करा. आज सांगितलेल्यांपैकी मिळतील ती पुस्तकं वर्गणीतून घ्या, आणि दर पंधरवड्याला पेटी पुढच्या वस्तीत जाऊ द्या. पुस्तक कपाटात ठेवायचं नाही. पानं मळतील, फाटतील. फाटू द्या.

शेवटी माझ्या कवी दोस्तांना. तुम्ही म्हणाल, हा उलटला. नाही. कविता राहणार आहे, मीही लिहिणार आहे. पण आपण रागानं म्हणतो की हजारो वर्षं आम्हांला अक्षरापासून तोडलं. मग ज्यांना तोडलं ते अजून आपल्या घरात बसलेत. आपली आई, आपला मामा, आपली आजी. आपण कविता छापतो आणि ती वाचतं कोण? आपण एकमेकांची. ही चार पानं त्यांची आहेत. ज्यांच्या नावानं आपण लिहितो त्यांच्याकडून ती काढून घेऊन आपल्यात वाटून घ्यायची, तर आपल्यात आणि पाणवठा अडवणाऱ्यात फरक तो काय राहिला?

ठरावाला माझं मत विरोधी लिहून घ्या. मतं मोजायच्या आधी ही पुस्तकं सतरंजीवरून फिरवतोय. हात पुसायची गरज नाही. बघा, आणि मग हात वर करा.

जय भीम.